आधी उशीवर

मित्रांनो, शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. मावशींनी मला खिडकीत ऊन दाखवले, माझी खोळ बदलली, तेलाची बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात उभी केली आणि त्या नखे कापायला बसल्या. दर मंगळवारी त्या नखे कापत. एकही कोपरा टोचता कामा नये, म्हणून प्रत्येक बोट स्वतःच्या गालावरून फिरवून पाहत.

मी एक जुनी उशी आहे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरेल एवढी लांब आणि मधोमध थोडी वाकलेली. मला ज्या गादीवाल्याने शिवले, त्याला मावशींनी बजावले होते, "कापूस ठासून भरू नका आणि चिक्कूपणाही करू नका. पोटातलं बाळ हिच्यावर विसावणार आहे."

"मग मापाला बाळालाच घेऊन या," असे म्हणून त्याने मला तीनदा उसवले आणि तीनदा भरले.

मावशी घरोघरी जाऊन गरोदर बायकांना मालिश करत. मला पट्ट्याने पाठीला बांधून त्या निघाल्या की चौकातला चांभार हटकून म्हणे, "मावशी, बाळ फार लांबलंय. आता चालू द्या की त्याला!" मावशी म्हणत, "तू चप्पल शिवून दे, लगेच चालवते."

घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "डॉक्टरांना विचारलंय ना?" मग त्या बाईला डाव्या कुशीवर निजवत. माझा खालचा भाग तिच्या गुडघ्यांमध्ये, मधला पोटाखाली आणि वरचा तिच्या मिठीत. मग मावशी तळहात एकमेकांवर घासून गरम करत. तो आवाज मला फार आवडे. सुकी पाने हळूच सरकावीत तसा. खांद्यांपासून सुरुवात होई, मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावर कधीच नाही. मग कंबर, हात आणि शेवटी पावले. पोट त्या दाबत नसत. कुणी मागितलेच, तर झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा उघडा तळहात नुसता ठेवत. मधून मधून विचारत, "बरं वाटतंय ना? भिडेखातर हो म्हणू नका." ताप, रक्तस्राव, डोकेदुखी, सूज, यातले काहीही कानावर आले की बाटली पिशवीत परत जाई. मग कुणी कितीही गळ घालो.

नवऱ्यांनाही त्या शिकवत, पण त्यांची एक अट होती. "आधी उशीवर." मला टेबलावर ठेवायचे आणि त्या माणसाने दाबून दाखवायचे. हात उचलल्यावर माझ्यावरचा खड्डा आपोआप भरून आला, तर ठीक. उरला, तर दाब जास्त. असे कितीतरी धटिंगण माझ्यावर नापास झालेले मी पाहिले आहेत. मावशींचा स्वतःचा जावईसुद्धा दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "हं. उशी ओरडली नाही. आता बायकोला हात लावायला हरकत नाही."

त्या मंगळवारी पाच वाजता त्यांची मुलगी आली. मावशी तिला ठकू म्हणत. ती पुस्तकांच्या दुकानात काम करी, दोन गल्ल्या पलीकडे राही आणि तिला सातवा महिना होता. दर मंगळवारी ती याच वेळी येई, मला मिठी मारून पडे आणि डोळ्यांसमोर पुस्तक धरी. मावशी म्हणत, "पुस्तक मिट, नाहीतर मी पुस्तकालाच तेल लावते."

त्या दिवशी ठकूने पुस्तक उघडलेच नाही. "आई, डावी पोटरी ठणकतेय. आज पायापासून सुरू कर."

मावशींनी तळहात घासले, हात पोटरीवर टेकवला आणि लगेच उचलला. दुसऱ्या पोटरीवर ठेवून पाहिला. मग माझ्या खोळीची नाडी ओढून काढली आणि दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून मापली. डावीला नाडी दोन बोटे जास्त लागली.

"ऊठ. डॉक्टरांकडे जायचं."

"दिवसभर उभी असते ना मी. चोळ जरा, मोकळं होईल."

"नाही."

"हलक्या हातानं."

"हलक्या हातानंसुद्धा नाही. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय. असा पाय चोळायचा नसतो, दाबायचाही नसतो."

ठकूचा आवाज चढला. "बेकरीवालीचे पाय चोळतेस, त्या वरच्या मजल्यावरच्या बाईचे चोळतेस. पोटची पोर तेवढी जड झाली तुला?"

"हो, झालीस जड. चप्पल घाल."

मावशींनी जावयाला फोन केला. तो टॅक्सी घेऊन आला. दारात ठकू वळून म्हणाली, "यापुढे नाही येणार मी तुझ्याकडे."

"नको येऊस. आधी जा."

टॅक्सी गेली तरी मावशी दारात उभ्या होत्या. त्यांचे हात अजून तेलकट होते, ते त्यांनी कशाला पुसले नाहीत.

दिवेलागणीला जावयाचा फोन आला. हातांना सतत तेल असल्यामुळे मावशी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवत, म्हणून मलाही सगळे ऐकू आले. "आई, शिरेत रक्ताची गुठळी आहे. उपचार सुरू झालेत. डॉक्टर म्हणाले, चोळलं असतं तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. बरं झालं, कुणी हात लावला नाही."

"बाळ?"

"छान आहे. ठोके ऐकवले आम्हाला."

"तिला दे जरा."

पलीकडे कुजबुज झाली. मग जावई अवघडून म्हणाला, "ती... झोपलीय म्हणून सांग, असं म्हणतेय."

मावशी खुदकन हसल्या. "माझीच लेक आहे. असू दे. उद्या अकराला येते म्हणावं. तिचं पुस्तकही आणते."

सकाळी त्यांनी पिशवी भरली. मोजे, कंगवा, खुणेसकट पुस्तक. मलाही उचलले. "हॉस्पिटलातल्या उशा म्हणजे नुसते दगड," असे पुटपुटल्या. मला पलंगाच्या कडेला उभे टेकवून त्या स्टुलावर बसल्या. एक चप्पल घातली. दुसरी पायात अर्धी असताना त्या थांबल्या आणि "एक मिनिट हं," म्हणाल्या. मी सोडून तिथे कुणी नव्हते. मग त्यांनी गाल माझ्यावर टेकला.

मित्रांनो, मी पुष्कळ ओझी पेलली आहेत. दोन जिवांचीसुद्धा पेलली. पण ते मिनिट मला पेलले नाही. अकरा वाजले, बारा वाजले. तेलाची बाटली कालपासून वाडग्यातच होती आणि वाडग्यातले पाणी केव्हाच गार झाले होते.

ठकू आठवड्याने हॉस्पिटलातून सुटून आली ती लंगडत. आईच्या खोलीतून तिने फक्त मला नेले. माझ्या वरच्या टोकाला गालाएवढा खड्डा होता. जावयाने मला झटकले, थापटले, उन्हात ठेवले. दुपारपर्यंत मी सपाट होई. पाच वाजले की खड्डा परत येई.

हे फक्त कापसाचे बसणे आहे, असे मला म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण मंगळवारी त्याच वेळी तो आवाजही येई. सुकी पाने सरकल्याचा. तेव्हा ठकूही पुस्तकातून मान वर करी. दाराकडे नव्हे, माझ्याकडे पाही. "ऐकलंस का?" असे तिने कुणाला कधी विचारले नाही. पानही उलटले नाही.

ती माझ्यावर निजत नसे. खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटी. तिची मान लाकडासारखी आखडली होती. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तर ती खांदा काढून घेई. गुठळीसाठीचे रोजचे इंजेक्शन मात्र मुकाट्याने टोचून घेई. माझ्यापाशी येऊन ती ओठ उघडी आणि पुन्हा मिटी. त्या ओठांमागे काय अडकले होते ते मला ठाऊक होते, पण मला तोंड नाही. बाळाची वेळ जवळ आली होती आणि त्याची आई झोपत नव्हती. मला दुसरी काळजी नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या कापसाच्या उशीने तुम्हाला काय शिकवावे? तरी एवढे ऐका. घरात कुणी बाळाची वाट पाहत असेल, तर तिला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि तिलाही विचारा. हात गरम करा. ती थांब म्हणाली की थांबा. आणि कुणी मायेने हात मागे घेतला, तर त्यालाही माया म्हणायला शिका. फोन आला तर घ्या. उद्या अकरा वाजणारच आहेत, असे धरून चालू नका.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "पाय सुधारतोय, पण त्याला मालिश मुळीच नको. मान, खांदे हलक्या हातानं चालतील." तो दिवस मंगळवारच होता. पाच वाजता जावयाने मला टेबलावर ठेवले.

"हे काय?" ठकू म्हणाली.

"आधी उशीवर." त्याने मला दाबले, हात उचलला, वाकून पाहिले. खड्डा भरून आला. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा भरून आला. "ओरडली नाही," तो हळूच म्हणाला.

ठकू हसली. मावशी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग ती डाव्या कुशीवर निजली आणि तिने मला मिठीत घेतले. वरच्या टोकाचा तो खड्डा मात्र तसाच होता. तिने गाल त्यात ठेवला, आणि तो तिच्या गालाला बरोबर बसला.

जावई बाटलीचे झाकण उघडत होता. त्याचे दोन्ही हात बाटलीवर होते. तरीही तळहात घासल्याचा आवाज आला, आमच्या अगदी जवळून.

या वेळी ठकूने मान वर केली नाही. तिचा गाल ओला झाला आणि त्याच्याखाली माझा कापूस सावकाश वर येऊ लागला. ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली,

"आई, मी झोपले नव्हते. जागी होते मी. तू हात लावला नाहीस, म्हणून आम्ही दोघं आहोत."