जयाचे अलगद पास

जया अहिरेचा पास हल्ली असा यायचा, की घेणारीने मधल्या वेळात वेणी घालून घ्यावी. चार महिन्यांपूर्वी हीच मुलगी छातीपासून बॉल सोडायची तेव्हा समोरचीच्या तळहाताला चटका बसायचा. आता बॉल तिच्या हातून निघायचा तो अगदी अलगद, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा. वाटेत कुणीही आरामात हात घालून तो घेऊन जायचं.

सिल्वासाच्या कॉलेज टीमची ती पॉइंट गार्ड. बॉल आपल्या बास्केटखालून वर न्यायचा, सगळ्यांना जागेवर लावायचं आणि तो नेमक्या हातात पोचवायचा, हे तिचं काम. तो भलत्या हातात, म्हणजे समोरच्या टीमकडे गेला की टर्नओव्हर. परवाच्या सराव सामन्यात जयाचे एकटीचे अकरा टर्नओव्हर झाले होते. अकरा! इतकं दान ग्रहण सुटल्यावरही कुणी करत नाही.

त्यात टीमच्या कोच मृणाल मॅडमचा एक नियम होता. मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, आवाज बारीक, पण शिस्त मात्र कडक. बॉल गमावला की जागच्या जागी थांबायचं आणि का गमावला ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. शिक्षा नाही, पळायला लावणं नाही, फक्त सांगायचं. कुणी म्हणे घाई केली, कुणी म्हणे हाताला घाम होता. खानवेलची मालती नवीन होती, ती तर प्रामाणिकपणे म्हणाली होती, ‘मॅडम, मला बॉलची भीती वाटली.’ जया मात्र अकराही वेळा एकच सांगत राहिली, “नजर चुकली, मॅडम.”

अकराव्या वेळेला मॅडमनी शिट्टी खिशात घातली आणि तिला बाजूला घेतलं.

“शनिवारी वापीची टीम येतेय. तुझी नजर अशीच चुकत राहिली तर तुला बाहेर बसवेन. मला आवडणार नाही, पण बसवेन.”

जयाने मान हलवली. भांडायला तोंडच नव्हतं, कारण नजर वगैरे काही चुकत नव्हती. नजर होती तशीच होती. चुकत काय होतं ते जयाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हती.

गोष्ट सप्टेंबरमधली. वापीविरुद्धचाच सामना. जयाने अर्ध्या कोर्टावरून एक पास भिरकावला होता, जोरात आणि उंच. तो घ्यायला अश्विनीने उडी मारली आणि ती एका पायावर खाली आली. गुडघ्यातून आवाज झाला, तो जयाला तीस फुटांवरून ऐकू आला. लिगामेंट फाटली, सुरतला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले, वर्षभर खेळायचं नाव काढू नका. अश्विनी साळवी म्हणजे जयाची शाळेपासूनची मैत्रीण. तेव्हापासून जयाच्या हाताने जणू शपथच घेतली, की आपल्या पासपायी कुणाला जमिनीवरून पाय उचलावा लागायला नको. शपथ चांगली होती, पण बास्केटबॉलच्या काही कामाची नव्हती.

आणि त्याहून वाईट म्हणजे ती अश्विनीला भेटायलाच गेली नाही. पहिल्या आठवड्यात धीर झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची लाज वाटली. मग लाजेवर लाज चढत गेली आणि चार महिने झाले. अश्विनीचे फोन यायचे, ते जया वाजू द्यायची.

हे जयाच्या आईला, चिमाबाईंना, कुठे माहीत होतं? त्या राखोलीच्या एका सूत कारखान्यात पॅकिंगला होत्या. सहाच्या शिफ्टला जायच्या आधी चुलीपाशी बसून त्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापायच्या. अश्विनीचे वडील कोकणातून आलेले सरकारी कारकून, त्यांच्या घरी तांदळाच्या भाकरीचं कौतुक. पण अश्विनीचा जीव मात्र चिमाबाईंच्या कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर. म्हणून दर सोमवारी त्या दोन भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून द्यायच्या.

“तिले म्हण, चावून खाय, हाडाले बळ येतं,” असं सांगायच्या. संध्याकाळी विचारायच्या, “भेटली का तिले? आवडली का?”

“हो आई. खूप आवडली.”

त्या भाकरी जया कॉलेजच्या मागच्या पायरीवर बसून एकटी खायची. टाकून द्यायला मन धजायचं नाही. असे पंधरा सोमवार झाले होते.

गुरुवारी सरावाला जया पोचली तर बेंचवर अश्विनी बसलेली. गुडघ्याला काळा पट्टा, मांडीवर पॅड, हातात पेन. मॅडम म्हणाल्या, “अश्विनी आजपासून आपले टर्नओव्हर लिहिणार आहे. घरी बसून कंटाळली होती. चला, पाच-पाच करा.”

अश्विनीने जयाकडे पाहून हात हलवला, काल संध्याकाळीच भेटल्यासारखा. जयाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

खेळ सुरू झाला आणि व्हायचं तेच झालं. जयाने मालतीला बॉल दिला, तो तरंगत निघाला, मध्येच दुसरीने उचलला. जया थांबली. “नजर चुकली.” पुन्हा तेच. पुन्हा “नजर चुकली.” चौथ्या वेळेला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बेंचवरून आवाज आला.

“खोटं बोलतेय, मॅडम.”

सगळ्या मुली वळल्या. अश्विनी पॅडवर पेन टेकवून बसली होती.

“तिला मालती दिसली होती. चारही वेळा बरोबर दिसली, पास बरोबर जागी गेला. फक्त हळू गेला. ही मुद्दाम हळू टाकतेय.”

मृणाल मॅडमनी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. बाई हुशार होत्या. “पाणी प्या सगळ्या,” म्हणाल्या आणि बाकीच्या मुलींना हाकलत नळाकडे घेऊन गेल्या.

जया बेंचपाशी आली, पण बसली नाही. अश्विनीनेच हात धरून तिला खाली ओढलं.

“तुझी आई भेटली होती मला,” अश्विनी म्हणाली. “दिवाळीच्या आधी, आमलीच्या भाजीबाजारात. मी काठी घेऊन उभी. त्यांनी विचारलं, भाकरी आवडतात का गं?”

“मग?” जयाने विचारलं.

“मग काय! म्हटलं, फार आवडतात. ठेचा जरा कमी तिखट करा म्हटलं.”

दिवाळीपासून ठेच्यात मिरच्या कमी का, हे कोडं जयाला तेव्हा सुटलं. ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. साधंसुधं नाही, नाक वाहेपर्यंत. “मी आले नाही तुझ्याकडे,” एवढंच तिला बोलता आलं.

“नाहीच आलीस. मला राग आला होता. अजून आहे.” अश्विनी तिच्याकडे न बघता पेनचं टोपण काढत-घालत राहिली. “मला वाटलं, मी आता खेळत नाही म्हणून तुला माझं काही राहिलं नाही. मग आज इथे बसून तुझे पास बघितले आणि कळलं. वेडी आहेस का तू? तो पास चांगला होता, जया. मला उडी मारायला उशीर झाला. तुझ्यासारखा पास टीममध्ये कुणाला जमत नाही, आणि तू माझ्या गुडघ्याच्या नावाने तो बंद करून टाकलास? माझा गुडघा काय त्यासाठी गेला?”

जयाने अश्विनीच्या गुडघ्याच्या पट्ट्यावर हात ठेवला, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

मन मोकळं झालं म्हणून हात लगेच मोकळा होतो, असं काही नसतं. शनिवारी सामना सुरू झाला तरी जयाचे पास मवाळच होते. पहिल्या अर्ध्यात पाच गेले. मॅडम दोनदा उठल्या, राखीव मुलीकडे पाहिलं, परत बसल्या. अश्विनी त्यांच्याच शेजारी बसून लिहीत होती. प्रत्येक वेळी पेन टेकवताना ती जयाकडे नुसती बघायची. जयाला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं.

शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा वापी दोन पॉइंटने पुढे होती. मॅडम उठल्या आणि या वेळी त्यांनी राखीव मुलीला जर्सी नीट करायला सांगितली. जयाने ते पाहिलं. बॉल तिच्या हातात होता, समोर दोघी अंगावर येत होत्या, आणि पलीकडे, बेंचच्या बाजूच्या रेषेवरून मालती एकटी पळत सुटली होती. जयाला ती दिसली. मग जयाने विचार केला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने खांद्यातून हात सोडला.

बॉल सरळ गेला, उंच आणि सणसणीत. मालतीने उडीही मारली, बोटंही लावली, पण अशा पासची त्या बिचारीला सवय कुठली! बॉल तिच्या बोटांवरून सटकला आणि थेट बेंचवर आला. बेंचवरच्या मुली किंचाळून खाली वाकल्या. अश्विनी तेवढी वाकली नाही. ती उठून उभी राहिली, मांडीवरचं पॅड खाली पडलं, आणि छातीसमोर दोन्ही हातांत तिने तो बॉल फट्‌कन झेलला.

पंचांची शिट्टी झाली. बॉल वापीचा.

जयाने आधी अश्विनीच्या गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा ताठ होता. पोरगी दोन्ही पायांवर उभी होती. तिने बॉल पंचांना दिला आणि दोन्ही तळहात जयाला दाखवले. लालबुंद झाले होते. ती इतकी हसत होती, की सामना तिनेच जिंकलाय असं वाटावं.

“लागलं का गं?” जया कोर्टावरून ओरडली.

“लागलं!” अश्विनी तितक्याच जोरात ओरडली. “मस्त लागलं!”

मॅडमनी राखीव मुलीचा हात धरून तिला खाली बसवलं.

बचावाला मागे पळताना जयाचे डोळे वाहत होते आणि ती ते मनगटाने पुसत होती. मालती शेजारून पळत होती, तिचा चेहरा पार उतरलेला. “दीदी, रडू नको ना. माझ्याच हातातून सुटला. अजून सव्वा मिनिट आहे.”

“मी त्यासाठी रडत नाही,” जया म्हणाली. “आता बॉल मिळाला की तू तशीच पळ. मी परत टाकते. जोरात येईल, घाबरू नकोस.”