साक्षीची बाई

ग्युमशिलने कोबीचा गड्डा उभा चिरून मिठाच्या पाण्यात सोडला, तेवढ्यात चे बाईंनी तिच्या हातून सुरी काढून घेतली.

"अहो, तुम्ही कशाला? हात तिखटाने भरले तर माइक कसा धरणार?"

"अजून तास आहे, ताई. दहा गड्डे तरी होतील माझे."

"दहा गड्डे कुणीही चिरेल. तुमचं काम कुणाला जमणारे का?"

बाकीच्या हसल्या. दक्षिण कोरियातल्या इंचनमधल्या त्या चर्चच्या तळघरात तीनशे गड्ड्यांची किमची, हिवाळ्याचं तिखट लोणचं, घालायची होती. वीस जणी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि मसाला लावलेलं कोबीचं पान एकमेकींच्या तोंडात भरवत "मीठ बघ गं" म्हणत होत्या. ग्युमशिलच्या तोंडापाशी कुणी हात नेला नाही. दारावरच्या सेवेच्या यादीत स्वयंपाकाखाली वीस नावे होती, गायनाखाली सोळा. साक्षीखाली, म्हणजे देवाने कसे तारले ते सगळ्यांपुढे सांगण्याच्या सेवेखाली, एकच, ग्युमशिलचे. उत्तर कोरियातून नदी ओलांडून पळून आल्याला तिला सहा वर्षे झाली होती. त्यांतली पाच तिने माइकसमोर काढली होती.

वर प्रार्थनागृहात सोल शहरातल्या मोठ्या चर्चचे पाहुणे आले होते. तिने भूक सांगितली, पहारेकरी सांगितले, पायाखाली करकरणारा बर्फ सांगितला. "मग आम्ही पलीकडे पोचलो," असे म्हणून तिने माइक खाली ठेवला.

पहिल्या बाकावरून पाळकसाहेब मायेने म्हणाले, "आणि बाळ, भगिनी?"

तिने माइक पुन्हा उचलला.

"लेक रडू नये म्हणून तिला अफू चाटवली होती. जरा जास्त झाली. पलीकडे पाठीवरून सोडली, तेव्हा गार होती."

बाकांवर रुमाल निघाले. ग्युमशिलचे डोळे कोरडे होते.

नंतर पाळकसाहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावले आणि स्वतःच्या हाताने जवाचा चहा ओतून दिला.

"साक्ष हल्ली पाठ केल्यासारखी वाटते, भगिनी. पाहुणेही म्हणाले."

"मग मला खाली स्वयंपाकात घ्या ना, साहेब. किती वर्षं मागतेय मी."

"ख्रिस्ताच्या शरीरात ज्याची त्याची जागा असते. डोळा म्हणाला, मला हात व्हायचंय, तर कसं चालेल?" ते थोडे थांबले. "पण नवी मुलगी आलीय ना, सोलह्यांग. तिची साक्ष उभी राहिली तर तुम्ही खुशाल खाली जा. नाहीतर ईस्टरपर्यंत तुम्हालाच उभं राहावं लागेल. जरा बोलून बघा तिच्याशी. तुमच्याकडचीच आहे, तुमचं ऐकेल."

सोलह्यांग जिन्यात बसून उकडलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे ताज्या किमचीत गुंडाळून खात होती. सव्वीस वर्षांची, गोल चेहऱ्याची पोर. ग्युमशिल शेजारी बसताच ती सरकली.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, ताई. दलालाने आणलं, मी आपली गाडीत झोपून होते. मला खाली बायकांत बसवा की. माझी आई अख्ख्या गल्लीची किमची घालायची, मला सगळं येतं."

ग्युमशिल तिच्याकडे बघत राहिली.

"चीनमध्ये किती होतीस?"

"चार वर्षं."

"तिथल्या माणसाला विकून लग्न लावून दिलं?"

पोरीने घास ताटलीत ठेवला.

"मुलगा की मुलगी?" ग्युमशिलने विचारले.

सोलह्यांगने ताटली पायरीवर बाजूला सारली.

"मुलगा. तीन वर्षांचा. दुपारचा झोपला होता. त्याला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन निघाले." तिने ग्युमशिलचे मनगट धरले. "हे कुणालाच सांगितलं नाहीये मी. तुम्ही पण बोलू नका, ताई, पाया पडते तुमच्या."

तळघरात कोणीतरी मोठ्याने हसले. आणखी मिरचीपूड आणा म्हणून हाक आली.

ग्युमशिलने पोरीला जवळ ओढले. तिच्या खांद्यावर डोके टेकून पोर हमसून रडली. ग्युमशिल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, रडू ओसरेपर्यंत. मग तिने पदराने पुसावे तसे आपल्या बाहीने पोरीचे तोंड पुसले.

"चपलांचं अगदी शेवटी सांग," ती म्हणाली. "आणि तेव्हा आवाज बारीक कर. मागच्या बाकांवरच्यांना पुढे झुकावं लागतं."