तीन मिनिटांची घंटी

मी घंटी बोलतेय. शाळेतली नव्हे, सायकलची नव्हे, दारावरचीही नव्हे. मी टेबलावर बसणारी आहे. वाटी उपडी ठेवावी तशी दिसते आणि डोक्यावर एक बटण आहे. ते दाबलं की एकदाच 'टण्' करायचं, एवढंच माझं शिक्षण. लांबलचक बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी पहिली नोकरी एका लॉजच्या काउंटरवर होती. प्रवासी यायचे, बॅग खाली ठेवायचे आणि मला दाबायचे. मग आतून मॅनेजर बाहेर येणं अपेक्षित होतं. तो आत पत्ते खेळत असायचा. एका गृहस्थांनी मला एकवीस वेळा वाजवलं आणि शेवटी स्वतःच फळीवरची किल्ली घेऊन खोलीत जाऊन झोपले. बारा वर्षांनी लॉज बंद पडलं. ते माझ्यामुळे नाही, एवढं सांगून ठेवते.

तिथून मी पंचवीस खुर्च्यांबरोबर सार्वजनिक वाचनालयात आले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चार वाजता खुला मंच भरतो. कुणीही यावं, वहीत नाव लिहावं आणि तीन मिनिटं जे येत असेल ते करावं. कविता, गाणं, नक्कल, किस्सा, काहीही. एका प्लंबरने पाइपाच्या तुकड्यांवर चाल वाजवून दाखवली होती, ती आमचे ग्रंथपाल अजून गुणगुणतात. तीन मिनिटं झाली की मी वाजते. म्हणजे पूर्वी लोकांना बोलावायचं काम होतं, आता घालवायचं. दुसऱ्या कामात मला बरंच यश मिळालं.

माझं नाव झालं तशी शहरात जिथे काही असेल तिथे मला उसनं नेऊ लागले. बागेतल्या गाण्याच्या स्पर्धेला मी असते. बस डेपोच्या भिंतीवर मुलांनी चित्रं काढली, तेव्हा भाषणं आवरायला मलाच बोलावलं होतं. इतक्या ठिकाणी बसल्यावर माणसं कळायला लागतात. मी वाजले की कवी पुढच्या तीन कविता एका श्वासात वाचतात. गायक डोळे मिटतात, म्हणजे ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. 'मी फार वेळ घेणार नाही' असं जो सुरुवातीलाच सांगतो, त्याच्यासाठी मी आधीच अंग सावरून बसते.

मला वाजवतात त्या ऑपरेटरबाई. टेलिफोन खात्यात त्यांनी चौतीस वर्षं ट्रंककॉल जोडले आणि तोडले. तेव्हा परगावी बोलायचं तर ऑपरेटर फोन जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मधे येऊन तसं सांगायची. मंचाचे नियम ठरत होते तेव्हा कुणीतरी म्हणालं, माणशी दहा मिनिटं तरी हवीत. बाई म्हणाल्या, "तीन मिनिटांत लोक बाळ झाल्याचं सांगायचे, कुणी गेल्याचं सांगायचे, वर तिकडे पाऊस आहे का तेही विचारायचे. तुमच्या कवितेला काय धाड भरलीय?"

तीन मिनिटं ठरली. बाईंनी आपल्या सख्ख्या बहिणीच्याही कडव्याच्या मधोमध मला वाजवलं. बहीण दोन महिने बोलत नव्हती. बाईंना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

त्यांना पुरून उरले ते एकटे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय. समोरच्यालाही काही म्हणायचं असू शकतं, हे त्यांच्या गावीही नसायचं. दर महिन्याला ते एक किस्सा सांगायचे आणि दर महिन्याला तो तीन मिनिटांत मावायचा नाही. बाई मला एकदा वाजवायच्या, अर्ध्या मिनिटाने दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. डॉक्टरांच्या दृष्टीने ते पालथ्या घड्यावर पाणी. एकदा त्यांनी बोलता बोलता माझ्यावर रुमाल टाकला. बाईंनी तो घडी करून त्यांच्या हातात दिला आणि मला वाजवलं. मग डॉक्टरांनी समितीकडे माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली. समितीची बैठक सव्वादोन तास चालली. तिथे मला कुणी वाजवलं नाही, हे बरोबर झालं असं मला वाटत नाही.

असं नऊ वर्षं चाललं. मग एका शनिवारी डॉक्टर आलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, त्या पुढच्या आठवड्यात वाचनालयात आल्या आणि सांगून गेल्या. डॉक्टरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समोरच्याचं सगळं कळतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही.

त्या महिन्यात कार्यक्रम बरोबर वेळेवर संपला. बाईंनी घड्याळ दोनदा तपासलं.

आठ महिन्यांनी वहीत डाव्या हाताने काढलेली वाकडीतिकडी अक्षरं दिसली. डॉक्टरांनी नाव लिहिलं होतं.

ग्रंथपाल लगबगीने बाईंच्या टेबलापाशी आले. "ताई, आजच्या दिवस घंटी कपाटात राहू द्या."

"का?"

"का म्हणजे? त्यांना चार शब्द बोलायला किती वेळ लागतो, बघितलंत ना? मधेच वाजली तर पुन्हा पाऊल टाकायचे नाहीत ते इथे."

पहिल्या रांगेतल्या गाणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माणुसकी म्हणून काही असतं की नाही?"

तेवढ्यात वहिनी पाण्याची बाटली ठेवायला टेबलापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "घरी त्यांना कुणी मधे थांबवत नाही हो. तोंड उघडलं की सगळे माना डोलवतात. मीसुद्धा. ते ओळखतात, आणि मग दिवस दिवस बोलत नाहीत."

एवढंच बोलून त्या जाऊन बसल्या. वाजवा म्हणाल्या नाहीत, वाजवू नका असंही म्हणाल्या नाहीत.

डॉक्टर टेबलाला धरून उभे राहिले. बाईंनी घड्याळ लावलं.

"सर्कस," डॉक्टर म्हणाले. मग बराच वेळ गेला. "आली... होती. त्यांचं... मांजर."

त्यांनी जोरात मान हलवली. "मांजर... नाही. मोठं..."

"वाघ का?" मागून कुणीतरी म्हणालं. "हत्ती?" "सिंह असेल." मावशी तर हाताने आयाळ करून दाखवायला लागल्या.

"मधे कुणी बोलू नका," बाई म्हणाल्या. "वेळ त्यांची चालू आहे."

मावशींनी हात खाली घेतले. डॉक्टरांच्या कपाळाला घाम आला. सबंध एक मिनिट त्यांनी त्या जनावराचं नाव शोधलं. मी आयुष्यात पुष्कळ गाणी ऐकली आहेत, पण इतकं लक्ष देऊन काही ऐकल्याचं आठवत नाही.

"सिंह," डॉक्टर म्हणाले. "सिंहाचा... दात... दुखत होता. मला... बोलावलं. सिंहाने... तोंड... उघडलं."

तीन मिनिटं झाली. बाईंचं बोट माझ्यावर होतं. त्या दाबतात तेव्हा नेहमी झटक्यात दाबतात. त्या दिवशी बोट नुसतं टेकून राहिलं. ग्रंथपाल त्यांच्याकडे बघून नको नको म्हणून हात हलवत होते. मला वाटलं, नाहीच दाबणार आता. खरं सांगते, दाबू नये असंच मलाही वाटत होतं.

टण्.

मावशी उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"थांबा हो बाई, आता तर खरी गंमत आहे!"

एका दमात बोलले. कुठेही न अडखळता. नऊ वर्षं दर महिन्याला त्यांनी हेच वाक्य बाईंच्या तोंडावर फेकलं होतं, तेच अख्खंच्या अख्खं बाहेर आलं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनाही आपण काय केलं ते क्षणभर कळलं नाही.

मग ते पुन्हा सिंहाकडे वळले. "मी... हात..." अर्ध्या मिनिटाने बाईंनी मला दुसऱ्यांदा वाजवलं. "आत..." तिसऱ्यांदा वाजवलं.

"वेळ संपली, डॉक्टर. बसून घ्या."

डॉक्टर बसले, पण रागाने. पुढे मावशींचं गाणं होतं. ते चालू असताना डॉक्टर वहिनींपाशी सारखे कुरकुरत होते. "काही कळत नाही... या बाईला." मावशींनी गाता गाता दोनदा त्यांच्याकडे बघितलं, पण गप्प बसा असं कुणीही म्हणालं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला पिशवीत टाकलं. जिन्याखाली बाक आहे, त्यावर त्या बराच वेळ बसून राहिल्या. पिशवीत त्यांचा हात माझ्यावर होता.

डॉक्टरांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट नंतर म्हणाल्या, होतं असं कधी कधी. हजारदा बोललेलं वाक्य रागाच्या भरात सुटून येतं. त्याने सगळं बोलणं परत येईलच असं नाही, पण भांडत राहू द्या. तेव्हापासून दर मंगळवारी ऑपरेटरबाई मला घेऊन डॉक्टरांच्या घरी जातात. वहिनी चहा ठेवतात, बाई घड्याळ लावतात आणि तीन मिनिटांनी ठरल्याप्रमाणे भांडण होतं. नवे शब्द अजून फार थोडे आलेत. सिंह अजून तोंड उघडून बसला आहे. पुढे काय झालं ते वहिनींना ठाऊक आहे, पण त्या कुणाला सांगत नाहीत.

मी आता थकले आहे. माझं बटण मधेच अडकतं आणि 'टण्'चं नुसतं 'टक्' होतं. तरी मंचावर मीच असते. तुमच्यापाशी सांगण्यासारखं काही असेल तर पहिल्या शनिवारी चारला या आणि वहीत नाव लिहा. तीन मिनिटं झाली की मी वाजणार, त्यात कुणालाही सूट मिळायची नाही. पण माझी एक विनंती आहे. मी वाजले म्हणून लगेच खाली बसू नका. आधी थोडं भांडा.