पुन्हा पुन्हा उसवलेली बाही

आमच्या गावात पोरगी पंधराची झाली की चर्चमध्ये आई तिच्या डोक्यावर मुकुट ठेवते, बाप तिचे चपटे बूट काढून तिला उंच टाचांचे घालतो, आणि झगा मी शिवते. वाढदिवसाआधी झगा घालून मिरवायचं नाही, असं प्रत्येकीला मीच दटावते.

हा नियम मी रोसाउरासाठी मोडायला तयार झाले. ती माझी जिवाची मैत्रीण. पोटाच्या दुखण्यानं पार वाळली होती. डॉक्टर म्हणाले, नाताळपर्यंत. लेकीचा पंधरावा वाढदिवस एप्रिलात.

"युफ्रासिया, चर्च नको, नाच नको," ती म्हणाली. "आत्ताच, घरातच मुकुट ठेवते. एकदा तिला झग्यात डोळे भरून बघू दे."

लेक ब्रिसेइदा माझ्याकडे आली ती तोंड फुगवूनच. "मावशी, बाही काचते."

बाही मुळीच काचत नव्हती. तरी सैल केली. पुढच्या आठवड्यात कंबर, मग पुन्हा बाही. माझं डोकंच फिरलं.

"अगं बये, तिकडे आई दिवस मोजतेय आणि तुझे हे नखरे?"

"झगा बघायचाय म्हणूनच ती टिकून आहे," पोरगी म्हणाली. "बघितला की जाईल."

मी बाही उसवली.

पण रोसाउराला फसवणं जिवावर आलं. सगळं सांगायचं ठरवून तिच्याकडे गेले, तर तीच हसून म्हणाली, "बाही काचते म्हणे? उसव. ती म्हणेल तितक्यांदा उसव. मी थांबेन असं वाटतंय तिला. वाटू दे."

"आणि तुझं बघायचं?"

"तू सांग की, कसा दिसतो."

मी सांगितलं. गुलाबी, गळ्याशी मोती, खाली सात झालरी. ती डोळे मिटून ऐकत होती.

नाताळच्या नऊ दिवस आधी ती गेली.

एप्रिलात ब्रिसेइदानं झगा घातला. अगदी अंगासरसा बसला.

"मावशी, तेव्हाच घालायला हवा होता ना? तिचं बघायचं राहून गेलं."

मला राहवेना. "उसवायला तिनंच सांगितलं होतं गं."

तिनं बाहीवरून बोट फिरवलं. "म्हणजे झगा राहिला तरी आपलं जाणं थांबणार नाही, हे तिला माहीत होतं."

मग ती झग्यासकट जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. झालरी चुरगळत होत्या, तरी मी ओरडले नाही. तिच्याशेजारी बसले.