झुंबरअक्काचं नाक आणि नानांचा हादगा

भाद्रपदाची पौर्णिमा झाली, एरंडोलच्या गल्लीत भुलाबाई बसली आणि नेमकं त्याच आठवड्यात झुंबरअक्काचं नाक चोंदलं. दुसऱ्या कुणाचं चोंदलं असतं तर गल्लीने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण अक्काच्या नाकाची गोष्ट वेगळी होती.

भुलाबाईच्या महिन्यात पोरी रोज संध्याकाळी एकेका घरी जमायच्या, टिपऱ्या खेळायच्या, गाणी म्हणायच्या. शेवटी त्या घरची खिरापत झाकलेल्या डब्यातून यायची. आत काय आहे ते ओळखायचं, कितीही वेळा चुकलं तरी चालायचं, पण ओळखता आलंच नाही तर ‘हारलो’ म्हणायचं, मगच झाकण उघडायचं. अक्का डब्याला नाक लावायची आणि सांगायची, "खोबरानी वडी. वेलदोडा कमी पडना." घरधनीण हिरमुसायची आणि पोरी हात पुढे करायच्या.

अक्काचा नवरा प्लेगात गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला तिला कुणी म्हणजे कुणी हाक मारली नव्हती. भुलाबाईचा कारभार मात्र पोरींच्या हाती, आणि पोरींना खिरापत लवकर हवी असायची, शास्त्र नको असायचं. वर्षातून एक महिना तिच्या दाराशी "अक्का, चला" असा गलका व्हायचा. उरलेले अकरा महिने अक्का त्या गलक्याची वाट पाहत काढायची. नाक गेलं तर गलका जाणार, एवढा साधा हिशेब तिला कळत होता.

त्यात नाक चोंदलं त्याच दिवशीची खिरापत कमलबाईकडे. ही कचेरीतल्या कारकुनाची बायको, मूळची धुळ्याची, बोलणं शुद्ध आणि मान ताठ. "अक्कांचं नाक फार तिखट आहे म्हणे, बघू या," असं ती विहिरीवर चारचौघींत बोलली होती. अक्काने ते ऐकलं आणि थेट जीवराम नानांचं अंगण गाठलं.

जीवराम नाना गल्लीचे वैद्य. त्यांच्या अंगणात हादग्याचं एक झाड होतं, आणि त्यांची सगळी विद्या त्या झाडाच्या सावलीत मावत होती. संध्याकाळी दिसेनासं झालं, की हादग्याची फुलं तुपात परतून खा. छातीत कफ भरला, की फुलांची भाजी खा. अर्धं डोकं दुखलं, की फुलांचा रस नाकात सोडा. एकदा गल्लीतल्या उखर्डूची बायको भांडून माहेरी गेली, तर नानांनी त्यालाही ओंजळभर फुलं दिली होती. बायको परत आली. खरं तर ती माहेरच्या भावजयीला कंटाळून आली, पण नाना ते श्रेय अजून सोडत नव्हते.

"नाना, मन्हं नाक बंद शे. वास येतच नही."

"हादगा शे ना," नाना म्हणाले. त्यांनी पांढरी फुलं ठेचली, फडक्यातून रस पिळला, अक्काला खाटेवर मान खाली सोडून निजवलं आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब टाकले.

अक्काला पहिल्या शिंकेत सासू आठवली आणि दुसरीत सासूची सासू. अकरा शिंका झाल्या, गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं, आणि नाक मोकळं झालं. अक्काने हर्षाने श्वास घेतला. हादग्याचा वास आला. घरी येऊन तिने हिंगाची डबी उघडली, तर हिंगाला हादग्याचा वास. कांद्याला हादग्याचा, रॉकेलच्या चिमणीलाही हादग्याचा. ती तशीच परत नानांकडे गेली.

"दोन दिन थांब, उतरी जाई," नाना म्हणाले.

"खिरापत आज शे, दोन दिननी नही," अक्का म्हणाली आणि पाय आपटत निघाली.

संध्याकाळी कमलबाईच्या ओट्यावर टिपऱ्या झाल्या, गाणी झाली, पितळी डबा आला. पोरींनी अक्काला पुढे ढकललं. अक्काने नाक लावलं. हादगा. तो तिने मनातल्या मनात बाजूला सारला, कारण तो तिच्या स्वतःच्या नाकातला होता. जोरात हुंगल्यावर त्याच्याखाली बेसन लागलं, ओवा लागला. म्हणजे भजी, यात शंका नव्हती.

"कांदाना भज्या," अक्का म्हणाली.

"नाही," कमलबाई म्हणाली.

बटाट्याची? नाही. मिरचीची, घोसाळ्याची, ओव्याच्या पानांची, सगळ्याला नाही. जगात जेवढी भजी होती तेवढी अक्काने सांगितली, फक्त हादगा तेवढा कटाक्षाने वगळला. शेवटी तिचा आवाजच बसला आणि ती म्हणाली, "हारनू."

कमलबाईने झाकण काढलं. "हादग्याच्या फुलांची भजी. मामंजींना दिवेलागणीनंतर दिसत नाही, म्हणून नानांनी फुलं खायला सांगितलीत. टोपलीभर आणली, त्यांना तुपात परतून दिली आणि उरलेली तळली."

पोरींनी एकच गोंधळ घातला. छत्तीस वर्षांत न घडलेलं घडलं होतं. अक्काने एक भजं खाल्लं. फुलातला कडू केसर नीट काढलेला होता, नाव ठेवायला जागा नव्हती, त्याचं तिला जास्तच वाईट वाटलं. घरी जाऊन ती भरपूर रडली. सकाळी नाना दारात येऊन विचारून गेले, "नाक उघडनं का नही?" उघडलं होतं, त्यामुळे त्यांना शिवीही देता येईना.

त्या संध्याकाळी अक्काने दिवेलागणीआधीच कडी लावली. गलका ऐकायला येऊ नये म्हणून नव्हे, येणार नाही याची तिला खात्रीच होती. पण दारावर थापा पडल्या. बाहेर पोरींतली वच्छला आणि तिच्यामागे बाकीच्या सगळ्या पोरी.

"अक्का, चला."

"कालदिन मी हारनू. आते मन्हं काय काम शे?"

"तवय तं बहू मजा वनी," वच्छला म्हणाली. "चला ना, आज बी हारा."

इतका अपमान अक्काचा आजवर कुणी केला नव्हता. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि निघाली. आजची खिरापत रुपचंदकडे होती. त्याच्या घराच्या पायरीवरच तिला तिळाच्या लाडवांचा वास आला, नानांचे दोन दिवस सरायच्या आधीच स्वच्छ, हादग्याचा मागमूस नसलेला. डबा समोर आला तेव्हा तिने त्याला नाक लावलं, बराच वेळ डोळे मिटून विचार केला, आणि म्हणाली, "चिवडा."

पोरी हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. अक्का सात वेळा चुकली. आठव्या खेपेला मात्र तिला राहवलं नाही. "तीळना लाडू. गूळ कमी पडना."