जेटमधला डाख

आमच्या जुन्या रशियन जीपचा कार्बुरेटर माझ्या नवऱ्याने, ओतगोनने, उन्हाळ्याच्या शेवटी पूर्ण खोलला. माझ्यासाठी, असं मला वाटलं होतं. आमच्या लहानग्याची, तेमूलेनची, छाती थंडीत भरते आणि दवाखाना खिंडीपलीकडे. मागच्या हिवाळ्यात गाडी सुरूच होईना. मग घोड्यावर बसून, त्याला देएलच्या, माझ्या लांब अंगरख्याच्या, आत छातीशी बांधून नेलं. वाटभर मी बोट त्याच्या नाकाखाली धरून होते.

म्हणून या वेळी मी प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये धुतला. पेट्रोलवर तरंगणाऱ्या पितळी फ्लोटला पडलेलं भोक ओतगोनने डाख लावून बुजवलं. मग बोटाच्या पेराएवढा जेट उचलला. इंजिनाला पेट्रोल किती मिळायचं ते त्याच्या भोकावर ठरतं.

"यालाही जरा डाख लागेल," तो म्हणाला. "उजेड धर नीट."

मी धरला.

"बायको नाही, राखणीचं कुत्रं आणलंय मी," तो हसला. "डोळा म्हणून मिटत नाही."

शेवटी त्याने स्क्रू किंचित किंचित फिरवत इंजिनाची चाल इतकी संथ बसवली, की सीटवर झोपलेला तेमूलेन हलला नाही. "ऐक. चहाला उकळी यायच्या आधी पातेलं बोलतं ना, तशी बोलतेय."

विहिरीपर्यंत, मोठ्या दिरांच्या गेरपर्यंत, त्यांच्या तंबूपर्यंत, गाडी सुरेख जायची. मी निर्धास्त झाले. माझ्यासारखी बाई निर्धास्त होते, म्हणजे केवढी गोष्ट.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात ओतगोन घोडे घेऊन लांबच्या कुरणात गेला, आणि एका सकाळी तेमूलेनच्या बरगड्या श्वासागणिक आत जायला लागल्या. मी त्याला गुंडाळलं आणि निघाले. खिंडीचा चढ लागला तशी गाडी धापा टाकायला लागली. पहिल्या गिअरमध्येही ओढेना. ओवोच्या, पूजेच्या दगडी ढिगाच्या, खाली वळणावर बंद पडली.

समोरून कोळशाचा ट्रक आला. दाम्बा नावाचा पोक्त ड्रायव्हर न विचारताच उतरला.

"लेकरू आजारी आहे, काका."

"माझा ट्रक भरलेला, त्यात उलट्या वाटेचा. तुझीच गाडी चालवू, पोरी." त्याने कार्बुरेटर उघडला, जेट काढून उजेडाकडे धरला आणि हसायलाच लागला. "हे बघ. भोक डाखाने बुजवून मध्ये सुईएवढं ठेवलंय. सपाटीवर चालेल, चढावर मरेल. नवरा काय करतो?"

"घोडे राखतो."

"मग बरोबर. पायबंद घातलाय." माझा चेहरा पाहून तो वरमला. "पेट्रोल वाचवायला केलं असेल गं."

त्याने ट्रकमधला स्टोव्ह पेटवून ज्योतीवर जेट धरला. डाखाचा थेंब बर्फात पडून विझला.

जेट परत बसवल्यावर गाडी चढ चढली. खिंडीच्या माथ्यावर फोनला रेंज आली. सुदैवाने ओतगोनने उचलला.

"खिंडीत आहे मी," म्हटलं.

"खिंडीत? तिथवर कशी पोचलीस?"

तेमूलेनचं काय, हे त्याने विचारलं नाही. त्याला माहीतच नव्हतं, हे खरं. तरी पहिला प्रश्न तो होता.

"दुसऱ्याने डाख काढला. तेमूलेनला श्वास लागलाय."

 "मला वाटलं, आता बरा आहे तो," तो म्हणाला. "वसंतात आईकडे गेलीस ती यायचं नाव घेईनास. न्यायला आलो तेव्हा तुझी आई माझ्याकडे बघून हसली."

"आले की मी परत."

"हो, पण..."

"मला उजेड धरायला लावलास, ओतगोन."

तो म्हणाला, मी आत्ता निघतो, संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोचतो. मी नको म्हटलं. मग त्याने हळूच विचारलं, "परत कधी येशील?"

तेमूलेन मागे खोकला. मी फोन बंद केला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि उतार धरला. गावात दवाखान्याच्या पुढे तोच रस्ता माझ्या आईच्या शहराकडे जातो.