यंत्राला सर्दी

नमुन्यात खोट निघाली, तर जावयाचा फायदा मोठा होता: लग्नापासून आठ वर्षं ऐकलेला टोमणा कायमचा बंद. सासरे तेलाचा घाणा चालवत आणि जावई प्रयोगशाळेत तेलांचे वास तपासायचा. आम्ही फुकट हुंगतो, जावईबापू पगार घेऊन हुंगतात, असं सासरे आल्यागेल्याला सांगत.

यंदा बेकरीवाल्याने शेंगदाण्याचं तेल घेण्याआधी तपासणीचा कागद मागितला. सासऱ्यांनी बाटली नाकाशी धरली, दाण्याखेरीज यात काही सापडलं तर नाक कापून हातात देईन म्हणाले, आणि ती जावयाकडे धाडली.

जावयाने थोडं तेल झाकणबंद कुपीत तापवलं. वर जमलेली वाफ यंत्रातल्या केसासारख्या नळीतून जाते. हलका वास आधी बाहेर पडतो, जड मागाहून, आणि पडद्यावर प्रत्येकाचं टोक उमटतं. भाजक्या दाण्याची टोकं ओळीने आली. खवटपणाचं जेमतेम दिसण्याइतकं. मध्येच मात्र एक ताडमाड वाढलेलं: लिमोनीन, म्हणजे लिंबाच्या सालीचा वास.

जावई मनातल्या मनात हसला. मग त्याने बाटली उघडली आणि हसू मावळलं. वास हातभर लांबूनही येत होता.

त्याने सासूबाईंना फोन लावला. जावयाकडे जायची बाटली म्हणून तीनदा घासली, वर आतून लिंबाची सालही फिरवली, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग त्यांचा आवाज खाली आला.

"यांना वास आला नाही?"

"नाही."

"दूध करपलेलं हल्ली मीच सांगते. पण घाणा त्यांच्या नाकावर चालतो हो."

जावयाने कोऱ्या बाटलीत दुसरा नमुना मागवला. तो चोख निघाला. आधीच्या वेळी यंत्रच जरा बिघडलं होतं, असं त्याने सासऱ्यांना कळवलं.

"सर्दी झाली असेल त्याला," सासरे म्हणाले.

"म्हणून म्हणतो, यापुढे प्रत्येक घाण्याची बाटली पाठवत जा. त्याला सवय राहील."

"पाठवतो की. शिकू दे बिचाऱ्याला."

बेकरीवाल्याला तेल मिळालं, सासऱ्यांचं नाक जागेवर राहिलं, सासूबाईंचं एक लिंबू गेलं. बाकीचं सगळं जावयाने भरलं, तेही खुशीत: पूर्वी टोमणा एक होता, आता सर्दीचा धरून दोन.